गाडी लावल्यानंतरची पावलं

पहाटे ४.३०

आसनगाव स्टेशनबाहेर अजून अंधार आहे. आषाढातला पाऊस रात्रभर कोसळून आता नुसता भुरभुरतो आहे. किन्हवली, शेणवा, डोळखांब, अघई या बाजूंनी मोटारसायकली येऊ लागल्या आहेत. बऱ्याच गाड्यांवर मागे कुणीतरी बसलेलं आहे: बायको, भाऊ, शेजारचा पोरगा. कल्याण, ठाणे, दादरकडे कामाला जाणारी ही माणसं. शहापूर तालुक्यातली बहुतेक गावं रुळांपासून लांब, त्यामुळे घरापासून स्टेशनपर्यंत मोटारसायकल आणि पुढे लोकल, असा इथला रोजचा प्रवास.

मी वास्तुरचनाकार आहे. शहापूर-आसनगाव रस्त्यालगत बारा गुंठ्यांच्या एका खाजगी जागेवर वाहनतळाची इमारत करायची आहे, तिचा आराखडा माझ्याकडे आहे. असं काम आलं की मी आधी गाड्या मोजत नाही, उतरलेली माणसं कुठून चालतात ते बघते. छत्री धरून एका टपरीच्या आडोशाला उभी राहते आणि कागदावर रेघा ओढते. स्टँड लावलं, हेल्मेट हातात घेतलं, डबा खांद्याला अडकवला, की माणूस सध्याच्या वाहनतळाच्या फाटकाकडे जात नाही, तिरका स्टेशनच्या जिन्याकडे जातो. वाटेत दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून निघतो, कुणाच्या चालू इंजिनासमोरून पळतो. लोकल सुटायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि पुढची गाडी लगेच नसते. इथे ‘पादचाऱ्यांनी इकडून जावे’ असा फलक कितीही मोठा लावला तरी उपयोग नाही. ज्या रेषेवरून पाय जातात तीच वाट इमारतीत पक्की करून द्यावी लागते.

गाड्या लावून घेणारे काका ओळखीचे झाले आहेत. त्यांना विचारलं, “काका, सगळ्यात भीती कधी वाटते?”

“सकालची नाय वाटत मॅडम,” ते म्हणाले. “सकाली मानसं एकेक येतात. संध्याकाली या. गाडी लागली का सगला लोंढा एकदम येतो, आन् तेवढ्याच दारातून मोटारसायकली बाहेर पडतात.”

माझ्या वहीतल्या सगळ्या रेघांपेक्षा हे एक वाक्य कामाचं आहे. येणं सुटं-सुटं असतं, जाणं एकगठ्ठा. म्हणजे वाहनतळाचं दार संध्याकाळच्या मापाने ठरवायला हवं.

सकाळी ६.१५

उजाडलं. रस्त्याच्या कडेला ठाकूर आणि कातकरी बाया टोपल्या घेऊन बसल्या आहेत. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. या जागा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने निवडलेल्या असतात, जिथे माणसाची चाल मंदावते तिथे. नकाशावर मात्र त्या नसतात. मोजणीच्या नकाशात रस्ता असतो, गटार असतं, विजेचा खांब असतो. रोज सकाळी तिथे बसणारी बाई नसते. मग इमारत उभी राहते, नेमकं त्या जागी गाड्या बाहेर पडायचं दार येतं आणि ती बाई दोन पावलं पुढे, म्हणजे रस्त्यावर सरकते. अपघात झाला की लोक म्हणतात, ती मधेच बसली होती.

माझ्या आराखड्यात गाड्यांचं दार या कोपऱ्यावरून हलवून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेलं आहे. समोरच्या बाजूला इमारत दोन मीटर मागे घेतली आहे आणि वर छज्जा पुढे काढला आहे, पावसात टोपली ठेवता येईल एवढा. जागेच्या मालकांना हे अजून सांगायचं आहे.

सकाळी ७.४५

शहापूरच्या बाजारपेठेत शाळेची गर्दी. दप्तरं, रेनकोट, एका सायकलवर दोघं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या, त्यामुळे मुलं गाड्यांच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे चालत्या रस्त्यातूनच जातात. गाडी लावायला जागा नसणं हा मुळात चालणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे इथे उभं राहिलं की कळतं. कडेच्या गाड्या एखाद्या इमारतीत गेल्या तर ही कड मुलांना परत मिळेल. पण ती इमारतच धोकादायक असेल तर कडेचा धोका आपण नुसता आत नेऊन ठेवला.

माझी गाडी उभी करून मी मागे शाळकरी मुलांची एक छत्री उभी रोवली आणि चालकाच्या जागेवर बसून आरशात पाहिलं. छत्री दिसली नाही. तीन फुटी मूल गाडीच्या अगदी मागे उभं असेल तर चालकाला ते दिसतच नाही, मग तो कितीही सावध असो. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून आवाज करणारे सेन्सर सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण इथल्या रस्त्यावर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा आणि जुन्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. म्हणून आतल्या रचनेत मी पाळत आलेला एक नियम असा: मोटार ज्या बाजूला मागे येते, त्या बाजूला चालण्याची वाट ठेवायची नाही. वाट गाडीच्या नाकासमोर, भिंतीकडच्या अंगाला. मधे सहा इंच उंचीची कड आणि चाक अडवणारा ठोकळा.

सकाळी १०.००

ऑफिस. खिडकीतून माहुलीचे सुळके ढगात गेलेले दिसतात. टेबलावर मोठा कागद पसरला आणि त्यावर पारदर्शक कागद. खालच्या कागदावर फक्त माणसं. गाड्या त्यानंतर.

महाराष्ट्राची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली. मुंबई वगळता जवळजवळ साऱ्या राज्याला तीच लागते. मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर अशी जागा ती सांगते. किती बांधकामाला किती गाड्यांची सोय हवी, याचे तिच्यात तपशीलवार तक्ते आहेत. त्यामुळे नकाशा मंजुरीला नेताना सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं: किती गाड्या बसल्या. गाडीतून उतरून बाहेर पडणारा माणूस त्या आकड्यात येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर धरली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तरी कुणाला खाली उतरावं लागू नये एवढी. ते माप रस्त्याच्या पदपथासाठी आहे. मी तेच इमारतीच्या आतही वापरते.

तळघर मी पहिल्याच दिवशी बाद केलं. इथल्या पावसात तळघरात पाणी येणार, पंप लागणार, वीज गेली की पंप बंद पडणार; शिवाय धूर साचतो. तळमजला आणि वर एक मजला, दोन्ही चारी बाजूंनी उघडे. दुचाकी सगळ्या तळमजल्यावर, मोटारी वर. पावसाळ्यात ओल्या उतारावरून, मागे बायको आणि पुढे पिशवी घेऊन मोटारसायकल चढवायला लावणं मला पटत नाही. चार महिने पाऊस म्हटला की काँक्रीटवर शेवाळ धरणारच. म्हणून उताराला आडव्या खाचा, दोन्ही कडांना पन्हाळ, आणि वर छप्पर.

तीन मीटर उंची चढायला एकास दहा या उताराने तीस मीटर लांबी लागते. प्लॉट चाळीस मीटरचा. तीस मीटर उतारातच गेले की मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात आणि कुणीतरी उतार खडा करायला सुचवतं. खड्या उतारावरून वर येणाऱ्या गाडीचं नाक आभाळाकडे असतं. चालकाला समोरचा पदपथ दिसत नाही, नुसतं बॉनेट दिसतं. उतरतानाही तेच: गाडी खाली येते ती वेग घेऊन, आणि शेवटच्या टोकाला लगेच माणसांचा रस्ता असतो. म्हणून उतार संपल्यानंतर सहा मीटर सपाट जागा मी कधीही सोडत नाही. गाडी आडवी झाली पाहिजे, चालकाची नजर सरळ झाली पाहिजे, आणि त्यानंतरच पदपथ यायला हवा. दाराच्या दोन्ही बाजूंची कुंपणभिंत कमरेइतकी उतरवली आहे, नाहीतर भिंतीआडून येणारी बाई आणि गाडीचा बंपर एकाच क्षणी समोर येतात. गोल आरसा लावूच, पण पावसात आणि धुळीत तो आंधळा होतो. भिंत खाली असेल तर आरशावर विसंबावं लागत नाही.

पदपथाचंही तसंच. आपल्याकडे गाड्यांचं दार आलं की पदपथ तोडतात. चालणाऱ्याने उतरायचं, गाडीची वाट ओलांडायची, पुन्हा चढायचं. गुडघे दुखणाऱ्या आजीने ते दर दुकानासमोर करायचं. मी पदपथ त्याच उंचीवर सलग नेते. गाडीने चढून, वेग मोडून, त्यावरून जावं. पायाला कळतं तसं चाकालाही कळायला हवं की ही जागा माणसांची आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तेव्हा आधी पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. आज तिथे म्हातारी माणसं बाकावर बसलेली दिसतात. शहापूरच्या रस्त्याला ती रुंदी नाही हे खरं, पण सलगपणाला रुंदी लागत नाही.

आतला वेग हा आणखी एक मुद्दा. ताशी दहा किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात पावणेतीन मीटर जाते, वीसच्या वेगाने साडेपाच मीटर. चालकाने माणूस पाहून ब्रेकवर पाय नेईपर्यंत साधारण तो एक सेकंद जातोच. ‘वेग १०’ असं रंगवून वेग दहा होत नाही. समोर चाळीस मीटर सरळ, मोकळी वाट दिसली की पाय आपोआप दाबला जातो. म्हणून ती सरळ वाट मधोमध उंचवट्याच्या ओलांडणीने तोडली आहे, आणि ती ओलांडणी जिन्याच्या बरोबर समोर आणली आहे.

जिना. वाहनतळात जिना नेहमी उरलेल्या कोपऱ्यात जातो, आणि मग माणसं गाड्यांच्या उतारावरून चालत खाली येतात, कारण तो जवळ पडतो. इथे जिना स्टेशनच्या बाजूला, उतारापेक्षा जवळ. भिंती नाहीत, जाळी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला जिन्यातला माणूस दिसतो आणि जिन्यातल्या बाईला रस्ता दिसतो.

दुपारी १२.२०

जागेच्या मालकांचा फोन. नकाशा त्यांनी पाहिला आहे.

“मॅडम, सहा गाड्या कमी झाल्यात.”

हिशोब बरोबर आहे. चाळीस मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद वाट म्हणजे 72 चौरस मीटर. एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर धरले तर सहाला थोडंच कमी.

“दादा, त्या वाटेशिवाय माणसं गाड्यांच्या मधून चालतील.”

“आता पण तशीच चालतात ना.”

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. कर्ज काढून बांधणार आहेत, आणि प्रत्येक गाडी त्यांना हप्त्यात दिसते. म्हणून मी त्यांच्याशी हप्त्याच्याच भाषेत बोलते. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी राहतात. आसनगावला रोजची गरज दुचाकींची आहे. मोटारी लग्नसराईत आणि सुट्टीला येतात. वरच्या मजल्यावरच्या मोटारींपैकी काही कमी करून तळमजल्यावर दुचाकींच्या रांगा नीट लावल्या, तर वाटेपायी गेलेलं उत्पन्न भरून निघतं. शिवाय जिथे बायकांना रात्री भीती वाटत नाही तिथे त्या आपली स्कूटी लावतात. आज कितीतरी जणी घरच्या पुरुषाला सोडायला-न्यायला लावतात, कारण गाडी मागच्या अंधाऱ्या रांगेत लावायची नसते.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भाजीवाल्यांच्या छज्ज्याचं काय?” म्हणजे तोही त्यांनी नकाशात पाहिला होता. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू.

दुपारी २.००

मुरबाडला निघाले. सापगावला भातसा नदी दुथडी भरून वाहते आहे. किन्हवलीपर्यंत आवणी जोरात. इरली कमी झाली, प्लास्टिकचे कागद आले. सरळगावला कल्याण-नगर महामार्ग लागतो आणि सगळं बदलतं. एमआयडीसीकडचे ट्रक, एसटी, भाजीचे टेम्पो, आणि पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी.

दुपारी ३.१५

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे इथला प्रश्न आसनगावपेक्षा निराळा आहे. इथे लोंढा लोकलचा नसतो; बाजार, एसटी स्टँड, दवाखाना, कोर्टकचेरी यांच्यात दिवसभर हिंडणारा माणूस असतो. एका व्यापाऱ्याला दुकानांच्या मागे वाहनतळ करायचा आहे आणि त्याचं दार थेट महामार्गावर हवं आहे, कारण ‘गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे’.

मी त्यांना तासभर रस्त्यावर उभं केलं. महामार्गावरून आत वळणारी गाडी मागच्या ट्रकला घाबरून घाईने वळते. तिचा वेग तिथे सगळ्यात चुकीचा असतो, आणि नेमका तिथेच पदपथ असतो, किंवा असायला हवा. शिवाय आत जागा नसली की गाडी दारातच थांबते, तिच्यामागे दुसरी, आणि चालणारी माणसं त्यांना वळसा घालायला महामार्गावर उतरतात. दार बाजूच्या गल्लीत घ्यायचं, निदान तीन-चार गाड्या आतल्या आत थांबू शकतील एवढं अंतर सोडून मग पावती द्यायची. फलक हवा तेवढा मोठा महामार्गावर लावा. त्यांनी गल्लीची रुंदी माझ्याबरोबर टेपने मोजली. बघू.

परतताना म्हशाची आठवण निघाली. पौष पौर्णिमेला म्हशाच्या म्हसोबाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार असतो. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत गाड्या लागतात. अशा जत्रेत गाव काय करतं? बांबू रोवतं, सुंभ बांधतं, आणि बैल, गाडी, माणूस यांच्या वाटा वेगळ्या करतं. कुणी अभियंता येऊन सांगत नाही. बैल बुजला तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती समज गावाकडे आहे. काँक्रीटच्या इमारतीत शिरताना आपण ती बाहेर का ठेवतो, हे मला समजत नाही.

संध्याकाळी ६.५०

पुन्हा आसनगाव. काकांनी सांगितलं होतं ते बघायला. पाऊस वाढलाय. लोकल लागली आणि जिन्यावरून माणसं उतरू लागली. सगळ्यांच्या हातात छत्र्या, म्हणजे कुणालाच बाजूचं दिसत नाही. हेल्मेटच्या काचेवर पाणी, म्हणजे चालवणाऱ्यालाही दिसत नाही. एकाच फाटकातून आत जाणारी माणसं आणि बाहेर येणाऱ्या मोटारसायकली. मग वीज गेली.

अंधारात कुणी ओरडलं नाही, सगळे मोबाइलचा दिवा लावून चालत राहिले. त्यांना सवय आहे. मी मात्र वहीत तीन गोष्टी तिथल्या तिथे लिहिल्या. माणसांचं दार आणि दुचाकींचं दार यांत निदान पंधरा मीटरचं अंतर. चालण्याच्या वाटेवरचे दिवे इतर दिव्यांपासून वेगळ्या जोडणीचे, बॅटरीवर चालणारे, आणि गुडघ्याच्या उंचीवरही, कारण पावसात पाय कुठे पडतो ते दिसायला हवं. आणि अपंगांच्या दुचाकी-मोटारींच्या जागा, ज्या मी जिन्याजवळ दाखवल्या होत्या, त्या माणसांच्या दाराला लागून. चाकाची खुर्ची उघडायची तर जागा 3.6 मीटर रुंद लागते आणि पुढचा उतार एकास बारापेक्षा खडा चालत नाही. या लोंढ्यातून ती खुर्ची ओलांडून न्यायची वेळच येऊ नये.

ठाण्यात स्टेशनसमोर उन्नत मार्ग करून बस वर नेल्या, गावदेवी मैदानाखाली वाहनतळ केला. कल्याणला स्टेशनजवळ बहुमजली वाहनतळ आहे. मोठ्या शहरांना असे खर्च परवडतात. आसनगाव, शहापूर, मुरबाड आत्ता वाढताहेत, इथे अजून मोकळ्या जागा आहेत. दोन दारं वेगळी करायला आज कागदावर एक रेघ लागते. दहा वर्षांनी भिंत पाडावी लागेल.

रात्री ८.४५

मालक घरी आले. चहा झाला. छज्जा त्यांनी मान्य केला. त्यांची आई याच रस्त्यावर भाजी विकायची, हे मला आज कळलं. वाट 1.8 ची 1.5 करा म्हणाले. मी नाही म्हटलं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या सहा मोटारी गेल्या आणि वाट राहिली. उतार एकास दहाच.

त्यांना एक आकडा दाखवला होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नीट पदपथ मिळणं हा राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्क मान्य झाला. तो जमिनीवर उतरतो तो मात्र असल्याच बारीकसारीक मापांतून: भिंत किती उंच, उतार कुठे संपतो, दार कुठल्या बाजूला.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या गावात वाहनतळाचा, बाजारसंकुलाचा, स्टँडच्या नूतनीकरणाचा नकाशा लागला की नगरपंचायतीत किंवा ग्रामसभेत जाऊन तो बघा. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते, ती वाया घालवू नका. गाड्या किती बसणार हे तुम्हाला न विचारता सांगतील. तुम्ही विचारा, गाडी लावून माणूस बाहेर कसा येणार, ती रेघ नकाशावर दाखवा. दाखवता आली नाही तर लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.